डावीकडची बाई

आण्णा रणपिसे फौजेतून हवालदार होऊन कायमचे घरी आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, आक्काताईनं, चुलीपुढं बसल्या बसल्या विचारलं, "मग आता जायाचं कवा?"

"आता न्हाई जायाचं. आता हितंच."

"व्हय व्हय," असं म्हणून तिनं भाकरी उलटली. तिला ते लगेच खरं वाटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून हा माणूस वर्षाकाठी रजेवर यायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत ट्रंक उचलून निघायचा. पोरं झाली ती त्याच्या पाठीमागं, सासू-सासरे गेले तेही त्याच्या पाठीमागं. मध्य प्रदेशात सागरला नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवण्यात आण्णांची निम्मी नोकरी गेली. तिकडं त्यांना उस्ताद म्हणत. मैदानाच्या ह्या टोकाहून हाळी दिली की त्या टोकाचं पोरगं ताठ व्हायचं. घरी मात्र त्यांचा आवाज चढत नसे. ह्या घराचं आपल्यावाचून कधी अडलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

वाईहून खंडाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं गाव. बौद्धवस्तीत विहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, आणि कालव्याच्या पाण्यावर भिजणारं थोडं रान. ज्वारी आणि भुईमूग निघायचा. मुलगा मिलिंद पुण्यात कारखान्यात लागलेला, लेक आम्रपाली सांगलीला दिलेली. ती तिकडं शाळेत शिकवायची आणि विश्रामबागेत राहायची. घरात दोघंच उरली, तेव्हा कुठं आण्णा आणि आक्काताई एकमेकांना खऱ्या अर्थानं भेटली. संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडत बसायची. आण्णा सागरच्या, सरहद्दीवरच्या गोष्टी सांगायचे. आक्काताई बोलायला कमी. मधून मधून "व्हय?" म्हणायची. पण आण्णांना तेवढं पुरायचं. उतारवयात संसार सुरू झाल्यागत झालंय, असं ते एकदा मिलिंदला म्हणाले होते आणि मग लाजून दुसरंच काहीतरी बोलू लागले होते.

पंच्याण्णव साली दसऱ्यानंतर भुईमूग काढायला आला. एक दिवस रानात वेल उपटता उपटता आक्काताई बसली ती उठेचना. डावा हात लुळा पडला, तोंड जरासं वाकडं झालं. आण्णांनी तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, पण नशीब चांगलं, वाचा गेली नाही. आणि खरंच, थंडी पडायच्या आत हातात जीव आला. तोंड सरळ झालं. चालू लागली, बोलू लागली. वस्तीतली माणसं भेटायला येऊन म्हणायची, "आक्काताई, लय मोठ्यातनं वाचलीस बघ."

त्यानंतर घरात वेगळंच काहीतरी सुरू झालं.

ती जेवायला बसली की ताटातलं कोरड्यास खायची, भाकरी खायची आणि मग विचारायची, "चटणी का न्हाई वाढली?" चटणी ताटातच असायची, डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. आण्णांनी बोट दाखवलं तरी ती भलतीकडंच बघायची. केस विंचरायची ते उजव्या बाजूचे, चापूनचोपून. डावीकडं तसाच गुंता. एका पायात चप्पल घालून ओट्यावरून उतरायची. भाकरी थापायला बसली तर भाकरीची एक कड पापडागत पातळ आणि दुसरी कड बोटभर जाड. हट्टानं तीच भाकरी तव्यावर टाकायची आणि म्हणायची, "गोल तर हाय. डोळं गेलं काय तुमचं?" एकदा तर तिनं स्वतःचाच डावा हात मांडीवर पडलेला बघितला आणि विचारलं, "ह्यो कुणाचा हात हितं ठेवलाय?"

हे सगळं आण्णांनी सोसलं असतं. त्यांना लागलं ते दुसरंच.

तिची खाट भिंतीला समांतर होती. खाटेच्या उजव्या अंगाला दार. येणारं-जाणारं माणूस दाराशीच टेकायचं आणि आक्काताई त्याच्याशी चांगली बोलायची. पोरांची चौकशी करायची, हसायचीसुद्धा. डाव्या अंगाला आण्णांची खाट. ते तिथं बसून काही बोलले, की ती मान फिरवायची ती दाराकडं. "अगं," म्हणून हाक मारली तरी दाराकडंच बघत राहायची. समोर उभं राहून चहा दिला तर घ्यायची, एखादा शब्द बोलायची. शेजारी जाऊन बसलं की पाठ फिरवल्यासारखी.

आण्णा विचार करू लागले. आयुष्यभर ह्या बाईनं तक्रार केली नाही. सासूचं दुखणं, पोरांची आजारपणं, सगळं एकटीनं काढलं. आपण तिकडं दूर बसून पत्रं लिहायचो. आता मरणाच्या दारात जाऊन आल्यावर तिला ते सगळं आठवलं असणार. सगळ्यांशी बोलते, आपल्याशीच तोंड फिरवते, ह्याचा दुसरा काय अर्थ? आपल्याच वाट्याला हे यायचं होतं, ते आलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त शेजारी बसणं हळूहळू कमी केलं. उगाच तिला त्रास कशाला.

शेजारच्या रंगुबाई, आण्णांच्या चुलत भावाची बायको, एक दिवस दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हिच्या अंगात काहीतरी शिरलंय. पलीकडच्या गावात एक बघणारा हाय."

आण्णा म्हणाले, "वैनी, त्या वाटेनं आपण परत जायाचं न्हाई. बाबासाहेबांनी कशासाठी भाईर काढलं आपल्याला?"

रंगुबाई निघून गेल्या. पण पुढं काय करायचं ते आण्णांनाही कळत नव्हतं. वाईचे डॉक्टर म्हणाले होते, हात-पाय ठीक आहेत, मनावर परिणाम झालेला दिसतो. मन म्हणजे नक्की कुठलं, हे विचारायचं आण्णांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

जानेवारीत आम्रपाली आली. आईनं अर्धेच केस विंचरलेले बघून ती दारातच थबकली. दोन दिवस राहिली आणि दोघांना घेऊनच सांगलीला निघाली. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर. एसटीत आक्काताईला खिडकीशी बसवलं होतं. डाव्या हाताच्या खिडकीशी. ती सगळा रस्ता आत, माणसांकडं बघत बसली. बाहेर उसाच्या गाड्या चाललेल्या, गुऱ्हाळांचा धूर निघालेला, तिनं एकदाही मान वळवली नाही.

सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. त्यात उजवीकडं मागच्या अंगाला एक लहान काळसर ठिपका आला. डॉक्टर म्हणाले, "जागा लहान आहे. हात सुधारलाय. पण वागण्यातला हा बदल त्यातूनच आलाय, की आजारपणानं मन खचलंय, ते मला नीट बघायचंय. आमच्याकडं राणी बंडगर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्या काही चाचण्या घेतील."

राणी बंडगर पंचविशी-तिशीची मुलगी होती. आटपाडीकडची. तिच्या चुलत्यांची मेंढरं अजून दर साल कृष्णाकाठाला उतरायची. ती स्वतः पुण्यात शिकून आली होती. डॉक्टरांशी बोलताना पुस्तकी बोलायची, पण आक्काताईला बघून म्हणाली, "या मावशी, बसा हितं. चहा घेतलासा का?" आक्काताईचा चेहरा जरा सैल झाला.

राणीनं तिला टेबलापाशी बसवलं आणि स्वतः तिच्या उजव्या हाताला, खिडकीकडं बसली. आम्रपाली राणीच्या मागं उभी राहिली. आण्णांना दुसऱ्या बाजूची खुर्ची मिळाली, आक्काताईच्या डाव्या अंगाला, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतकी जवळ. "फक्त मधे बोलायचं न्हाई, आण्णा," राणीनं आधीच बजावलं.

"तुमच्यासंगं कोण कोण आलंय, मावशी?"

"ही लेक आलीय न्हवं."

"आणि मालक?"

"आल्यात की एसटीनं संगती. बसलं असतील भाईर कुठं." आक्काताई राणीकडं सरकली. "त्यांचं काय सांगू बाई. ह्या दुखण्यापासनं मला टाकल्यागत केलंय त्यांनी. जवळ म्हणून बसत न्हाईत. लांबनं कुठनं तरी आवाज येतो, माणूस दिसत न्हाई."

आण्णांनी खुर्चीची कड घट्ट धरली. आम्रपाली वडिलांकडं बघत राहिली. राणीनंही एकदा त्यांच्याकडं बघितलं, मग आक्काताईकडं. मग तिनं खणातून जाड कार्डांचा गठ्ठा काढला.

भरतीच्या वेळी पोरांचे डोळे तपासायला रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, ते आण्णांनी पाहिलं होतं. त्यात आकडा ओळखला तर पास, नाही तर घरी. हे तसंच काहीतरी असेल असं त्यांना वाटलं. पण राणी म्हणाली, "मावशी, ह्यो नुसता शाईचा डाग हाय. ह्यात बरोबर-चूक काय न्हाई. आभाळात ढग बघून माणूस म्हणतो न्हवं, ह्यो हत्ती, ती बैलगाडी? तसं, तुमाला काय दिसतंय ते सांगायचं."

पहिल्या कार्डावर काळा डाग होता, दोन्ही बाजूंनी सारखा, पंख पसरलेल्या पाखरासारखा.

आक्काताईनं बराच वेळ बघितलं. "पंख हाय."

"कशाचा?"

"पाखराचा. येकच हाय. मोडून पडलाय जणू."

"कुठं दिसतोय? जरा बोट लावून दावा."

आक्काताईनं उजव्या कडेपासून बोट फिरवायला सुरुवात केली. पंखाच्या काठाकाठानं बोट आलं, डागाच्या मध्यापर्यंत आलं आणि बांधापाशी बैल थांबावा तसं थांबलं. पलीकडं तेवढाच पंख होता. बोट तिकडं गेलं नाही.

राणीनं दुसरं कार्ड ठेवलं. आक्काताईला अर्धा डोंगर दिसला. तिसऱ्यात कुणाचा तरी एक बूट. दर वेळी राणी बोट लावायला सांगायची, आणि दर वेळी बोट मध्यावर येऊन थांबायचं. राणीचं लिहिणं मंदावलं होतं. आता ती आक्काताईच्या बोटाकडंच बघत होती.

मग एक कार्ड आलं. आण्णांना खुर्चीवरूनही त्यात स्पष्ट दिसलं, दोन बाया समोरासमोर वाकून मधलं काहीतरी दोघींनी मिळून उचलत होत्या. हौदावर कपडे पिळताना असतात तशा.

आक्काताई म्हणाली, "बाई हाय. वाकलीया."

"आणि?"

"काहीतरी देतीया कुणालातरी. पण म्होरं कुणीच न्हाई." ती कार्ड निरखत राहिली. "बिचारी एकलीच हाय."

आण्णांना राहवेना. ते पुढं झुकले, तोंड उघडलं, तेवढ्यात राणीनं हात वर केला. तिनं कार्ड उचललं नाही. दोन बोटांनी नुसतं फिरवलं, आडवं केलं, म्हणजे डावी-उजवी बाजू गेली आणि वर-खाली झालं. बायांची डोकी आता खिडकीकडं आली, एक वर, एक खाली.

"आता बघा, मावशी."

आक्काताई बघतच राहिली. तिचा हात हळूहळू वर आला आणि तोंडावर गेला.

"ह्या तर दोघी हायत," ती पुटपुटली. मग राणीकडं वळून म्हणाली, "दुसरी कुठनं आली? तू चिकटवलीस व्हय गं?"

"न्हाई मावशी. ती हुतीच."

"कुठं हुती? आत्ता तर नव्हती."

राणीनं कार्ड परत सरळ केलं. "आता?"

आक्काताई म्हणाली, "गेली." दारातून माणूस निघून गेल्यावर म्हणावं तसं.

पुन्हा आडवं. "आली." पुन्हा सरळ. "गेली बघ."

 आण्णांच्या हातावरचे केस उभे राहिले होते. फौजेत असताना त्यांनी डोळे गेलेली माणसं बघितली होती, पाय गेलेली बघितली होती. जे गेलं ते गेलेलं दिसायचं. त्या माणसालाही ठाऊक असायचं. इथं त्यांच्या बायकोपुढं कागदावरची एक धडधडीत बाई येत होती आणि जात होती, आणि कागद तर तोच होता.

राणीनं कार्डं बाजूला ठेवली. "आण्णा," ती म्हणाली, "तुमी उठा आणि मावशींच्या मागनं हिकडं खिडकीपाशी या."

आण्णा उठले. आक्काताईच्या मागून चालत तिच्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले.

"आवं," आक्काताई दचकून म्हणाली, "तुमी कवा आलासा?"

"मी हितंच हुतो."

"कुठं?"

"तुझ्या शेजारी. आल्यापासनं तिथंच बसलोय."

तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा करतात की काय, असं तिला वाटलं असावं. पण आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रजा संपवून निघतानासुद्धा तिनं ते कधी बघितलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले. एरवी ते तिला नावानं हाक मारत नसत. "मला वाटलं, तूच माझ्यावरनं तोंड फिरवलंस."

"मी? मी कशापायी फिरवू? मी तर रोज वाट बघती, आज तरी बसतील म्हणून."

आम्रपाली तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघू लागली. राणीनं दोघांना जरा वेळ दिला. मग तिनं एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि आक्काताईला म्हणाली, "हिच्या बरोब्बर मधी खूण करा." आक्काताईनं विचार करून खूण केली. ती रेघेच्या उजव्या टोकाशी होती.

"ही कार्डं खरं तर मनात काय चाललंय ते चाचपायला असतात," राणी आण्णांना म्हणाली. "नुसती त्यांच्यावरनं मेंदूचं काही ठरवत नाहीत. म्हणून मी ही रेघ काढून घेतली, अजून दोन-तीन गोष्टी करून घेणार आहे, आणि डोक्याच्या फोटोशी ताडून बघणार. पण मला वाटतंय ते हेच. मावशींचे डोळे चांगले आहेत. मनही शाबूत आहे. मेंदूतली उजवीकडची जी जागा डावीकडचं जग ध्यानात ठेवते, तिथं दुखापत झालीय. डाग दोन्ही अंगांनी सारखा असतो, त्यामुळं अर्धा गेला की लगेच कळतं. पुस्तकात वाचलं होतं मी हे. असं समोर आज पहिल्यांदा बघतेय." तिनं आपले तळहात एकमेकांवर चोळले. "माझेही हात गार पडलेत."

आण्णांनी विचारलं, "म्हंजे तिला त्या बाजूला अंधार दिसतो व्हय?"

"न्हाई. अंधार दिसला असता तर त्या म्हणाल्या असत्या, हिकडं अंधार हाय, दिवा लावा." राणीनं थोडा विचार केला. "आण्णा, वळून बघू नका. तुमच्या डोक्याच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय तुमाला?"

"काय न्हाई."

"अंधार दिसतो का?"

आण्णा थांबले. त्यांनी खरोखर बघायचा प्रयत्न केला. मागं अंधार नव्हता. उजेडही नव्हता. तिथं दिसण्यासारखी जागाच नव्हती. आणि इतकी वर्षं त्या नसलेल्या जागेची त्यांना कधी चुटपूट लागली नव्हती.

"तसंच त्यांचं डावीकडं," राणी म्हणाली.

त्या दिवशी आम्रपालीच्या घरी परत आल्यावर आण्णा गच्चीवर जाऊन उभे राहिले. खाली विश्रामबागेचा रस्ता, कॉलेजच्या पोरांच्या सायकली, भेळेची गाडी, पलीकडं रेल्वे लाईन. ते सावकाश मान वळवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं बघत राहिले. हे सगळं आपल्याला आयतं मिळतंय, कुणीतरी डोक्यात बसून क्षणाक्षणाला जोडून देतंय, ह्याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. आपल्याला न दिसणारं अजून किती असेल, हाही विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी कठड्याला धरलं. मग खाली येऊन ते आक्काताईच्या उजव्या अंगाला बसले आणि तिनं त्यांच्याशी इतक्या गप्पा मारल्या, की आम्रपालीनं वाढलेलं ताट निवून गेलं.

राणीनं पुढचं समजावून दिलं होतं. बोलायचं तेव्हा उजवीकडं बसा, पण सगळंच उजवीकडं आणून ठेवू नका, नाही तर डावं कायमचं सुटेल. तिला तिकडं बघायला शिकवा. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिंधी ठेवा. ती चिंधी सापडेपर्यंत नजर ओढत न्यायची, मगच घास घ्यायचा. रोज, न कंटाळता.

न कंटाळता शिकवणं हे तर आण्णांचं आयुष्यभराचं काम होतं. गावी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओट्यावर आक्काताईला उभं केलं, स्वतः तिच्या डाव्या हाताला थोडं लांब जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाएं देख."

"काय?"

"डावीकडं बघ म्हंतोय. मी दिसंपातूर मान वळवायची."

ती उजवीकडं बघायची. मग समोर. मग मान जरा जरा वळायची आणि अर्ध्या वाटेत अडकायची, जणू तिथं जग संपत होतं. आण्णा हलायचे नाहीत. पुन्हा म्हणायचे. असं करता करता कधीतरी तिची नजर त्यांच्यावर येऊन टेकायची, आणि ती म्हणायची, "हां, आलासा." ते कुठून आले नव्हते. तीच पोहोचली होती. पण आण्णांना दर खेपेला तिनं आपल्याला नव्यानं शोधून काढल्यासारखं वाटायचं. ह्या वयात असं काही वाट्याला येईल, ही त्यांची कल्पना नव्हती.

सुरुवातीला वस्तीतली माणसं हसली. रंगुबाई म्हणाल्या, "भाऊजींनी घरात परेड लावलीया." मग त्याही यायच्या आणि मुद्दाम डावीकडं उभ्या राहून, "आक्काताई, मी कुठं हाय सांग," म्हणून विचारायच्या. उन्हाळ्यापर्यंत लाल चिंधी सापडू लागली. चटणी सापडली. पावसाळ्यात एक दिवस भाकरी बऱ्यापैकी गोल आली. आक्काताईनं ती तव्यावर टाकायच्या आधी दोन्ही हातांवर धरून सगळीकडून बघितली आणि म्हणाली, "आवं, आधीच्या भाकऱ्या काय असल्या वाकड्या हुत्या?"

"जरा हुत्या."

"आणि खाल्ल्यासा?"

"चांगल्या लागायच्या," आण्णा म्हणाले.

वर्ष उलटल्यावर ते पुन्हा सांगलीला गेले. राणीनं तीच कार्डं काढली. पंखाच्या कार्डावर आक्काताईचं बोट मध्यावर येऊन थांबलं. तिनं श्वास घेतला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि बोट पुढं ढकललं. "पाखरू हाय अख्खं," ती म्हणाली. "पण डावा पंख हुडकाया लागतो."

वाकलेल्या बाईचं कार्ड आलं तेव्हा तिनं मान सावकाश डावीकडं नेली. मग म्हणाली, "दुसरी बी हाय. मी तिकडं गेले म्हणून घावली. हिकडं आले की परत जाती." थोडं थांबून ती राणीला म्हणाली, "पण आता ती न्हाई असं मला वाटत न्हाई. दिसली न्हाई तरी असती, हे ठावं झालंय."

राणीनं हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

निघताना आक्काताईनं डोक्याचा तो फोटो बघायला मागितला. आजवर तिला कुणी दाखवलाच नव्हता. दवाखान्याबाहेर लिंबाखाली उभं राहून आण्णांनी ती काळी फिल्म आभाळापुढं धरली. आक्काताईनं ती डावीपासून उजवीपर्यंत, सावकाश, मान वळवून बघितली. आण्णांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. तो चिंचोक्याएवढाही नव्हता.

"एवढासाच?" ती म्हणाली.

"एवढासाच."

"आणि त्यात माझं एवढं गेलं? रान, ताट, हात, तुमी?" ती पुन्हा बघत राहिली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. कालव्याला पहिल्यांदा पाणी सुटलं तेव्हा काठावर उभी राहून ती अशीच बघत होती. "केवढं ठेवलंय मग ह्या टकुऱ्यात. आणि आमी आपलं वरनं नुसतं त्याल लावतो."

आण्णा हसले आणि त्यांनी फिल्म गुंडाळून पिशवीत घातली.

तिचं डावं पूर्ण परत आलं नाही. दमली, ताप आला, की पुन्हा हरवायचं. मग चप्पल एकाच पायात असायची. वाईच्या बाजाराला जाताना आण्णा नेहमी तिच्या डाव्या हाताला चालायचे, म्हणजे तिकडून येणारी सायकल, हातगाडी आधी त्यांना दिसावी. पहिल्या पहिल्यांदा ती वाटेत विचारायची, "हायसा न्हवं?" पुढं पुढं विचारणं सुटलं. ती समोर बघत बोलत राहायची, रानाचं, पोरांचं, रंगुबाईच्या नव्या म्हशीचं. आधी कधी एवढी बोलायची नाही. आणि आण्णा, ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना हुकूम दिले, ते मधून मधून नुसतं "व्हय?" म्हणत तिच्याबरोबर चालायचे.